पाणी न पिणाऱ्या पोरी

घट बसायला आले की नांदेडच्या बाजारात दुकानांच्या काचेवर एक पाटी हमखास लागते, 'सीझनसाठी मुली पाहिजेत'. काम काय, वेळ किती, बसायला स्टूल तरी मिळेल का, यातलं काहीच त्या पाटीवर नसतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर मुलींची रांग असते. आपणही ती पाटी वाचतो आणि पुढे जातो, कारण आपल्याला साडी घ्यायची असते, नोकरी नको असते.

शेषेरावांचं साड्यांचं दुकान असंच भर बाजारात, तीन मजली. दिवाळीच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. नेहमीच्या चार-पाच बायकांना ती गर्दी आवरत नाही, म्हणून घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत हंगामी मुली घ्यायच्या, अशी तिथली रीत. त्या निवडायचं काम उज्वलाबाईंकडे होतं. बाई एकेकाळी स्वतः अशाच सीझनला आल्या होत्या, कामाच्या जोरावर कायम झाल्या आणि आता दुसऱ्या मजल्याच्या प्रमुख होत्या. मालकाचा त्यांच्यावर एवढा विश्वास, की मुलींचा विषय निघाला की शेषेराव हात वर करायचे. "उज्वलाबाईला विचारा," एवढंच म्हणायचे.

उज्वलाबाईंची मुलाखत फार लांबायची नाही. पोरगी हसतमुख आहे का, साडीची घडी नीट घालते का, ते बघायच्या. मग आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारायच्या.

"घडी घडी बाहेर जायची सवय हाय का तुला?"

नवी पोरगी आधी गोंधळायची. बाहेर म्हणजे कुठे, हे ध्यानात आलं की लाजून मान खाली घालायची आणि पुटपुटायची, "न्हाई ताई."

"मग झालं. उद्यापासून ये."

या प्रश्नाला कारण होतं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यामागे बायकांसाठी स्वच्छतागृह होतं. चांगलं फरशी लावलेलं, नळाला पाणी असलेलं. पण सीझन आला की सुरतेहून माल यायचा, गठ्ठे ठेवायला जागा पुरायची नाही, आणि मग ती खोली छतापर्यंत गठ्ठ्यांनी भरून कुलूप लावलं जायचं. म्हणजे बघा, वर्षभर चार-पाच बायका असताना खोली उघडी, आणि बायका चौपट झाल्या की बंद! पुरुष माणसं मागच्या गल्लीत जाऊन यायची. बायकांनी काय करायचं? बायकांनी पाणीच प्यायचं नाही, हा उज्वलाबाईंचा तोडगा होता, आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय म्हणायचं!

त्या वर्षी रांगेत लुंबिनी होती. जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली, काटक, सावळी, बोलायला मोकळी. बाप केरबा गावात गवंडीकाम करायचा. ती नांदेडला आत्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होती.

"शिकलीस किती?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"बी.ए. झालंय ताई. भरतीचं बघून राहिले. दिवाळीनंतर लातूरला ग्राउंड हाय माझं, पळायचं अन् गोळाफेकीचं."

"मग हिकडं कशाला आलीस?"

"अकॅडमीची फी हाय, बूट घ्यायचेत. बाबाला किती मागू?"

उज्वलाबाईंना पोरगी आवडली. पळणारी आहे, उभं राहायला कुरकुर करायची नाही, असा त्यांनी हिशोब केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. लुंबिनी हसलीच.

"ताई, मी सकाळी पळून आले की तांब्याभर पाणी पिते. मग जावं लागतंच की!"

"ती सवय मोडावी लागंल बघ. सकाळी चहाचा घोट, बस्स. लईच कोरड पडली तर चूळ भरायची, गिळायचं न्हाई. बडीशेप ठेवायची गालात. पहिले काही दिवस जड जातंय, मग अंगाला कळतंय. मी न्हाई का राहिले? माझ्या मजल्यावरची पोरगी काउंटर सोडून जात नसते, मालकाला बी ठावं हाय."

लुंबिनीने मान डोलावली. तिला काम हवं होतं.

आणि खरोखर, पोरगी कामाला वाघ निघाली. पहाटे ती मैदानावर पळायची, घामाने निथळून घरी यायची, चूळ भरून डबा उचलायची आणि दुकान उघडायच्या आत हजर व्हायची. दिवसभर गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या, पुन्हा उलगडायच्या. मैदानावर तिची वेळ सुधारत होती. गोळाही आता लांब जात होता. दुपारच्या जेवणाला बसली की ती दुसऱ्या पोरींना सांगायची, "एकदा अंगावर खाकी चढू द्या, पहिली साडी आईला, अन् ती ह्याच दुकानातून. उज्वलाताईनं स्वतः दाखवायची." पोरी हसायच्या. उज्वलाबाईही हसायच्या. त्या पोरीत त्यांना आपली जुनी उमेद दिसायची.

दसरा झाला आणि लुंबिनीच्या कमरेत, उजव्या अंगाला, कळा यायला लागल्या. लघवीला आग व्हायची. तिने एकदा घडी घालता घालता उज्वलाबाईंना हळूच सांगितलं.

"ते सगळ्यांनाच होतंय गं," बाई म्हणाल्या. "मला बी दर सीझनला होतंय. ही गोळी घे, तासाभरात बरं वाटंल."

बाईंच्या पर्समध्ये त्या गोळ्या कायम असायच्या. त्यांनी मायेने दिली होती, यात शंका नाही. दुखणं थांबलं, पोरगी पुन्हा उभी राहिली आणि बाईंना वाटलं की आपण तिला मदतच केली. वाईट हेतूने केलेलं वाईट ओळखता तरी येतं. मायेने केलेलं कोण ओळखणार?

पण आत्याने ओळखलं. सरजाबाई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. पोरगी झोपेत कण्हते, पळून आल्यावर पाण्याला हात लावत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. मुतखडा, आणि त्यावर जंतुसंसर्ग. भरपूर पाणी प्या, औषध सोडू नका, विश्रांती घ्या, ताप आला तर लगेच दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं. सरजाबाई म्हणाल्या, काम सोड. लुंबिनी ऐकेना. सीझन अर्धवट सोडला तर केलेल्या कामाचाही पगार मिळत नाही, हे तिथलं ठरलेलं होतं. "एवढी दिवाळी जाऊ दे आत्या," ती म्हणाली, "मग ग्राउंडपर्यंत नुसतं पाणीच पीत बसते."

तेव्हा सरजाबाई स्वतःच दुकानात आल्या. दुसऱ्या मजल्यावर गर्दी होती. लुंबिनी पलीकडच्या काउंटरला होती.

"जय भीम बाई. मी लुंबिनीची आत्या."

"या, या, बसा. कोणती साडी दाखवू?"

"साडी नको मला. बायकांची खोली दाखवा."

उज्वलाबाईंचा चेहरा उतरला. "तिथं माल भरलाय आत्या. सीझनभर बंद असती ती."

"अन् पोरी?"

"पोरींना सवय झाली हाय. मी काय वेगळं केलंय का? इतकी वर्षं अशीच उभी हाय. मला काय झालं?"

"झालं का न्हाई ते तुमचं तुम्हाला ठावं," सरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "लुंबिनीला गोळी तुम्हीच देता ना? मग ती गोळी तुमच्याजवळ कशाला असती, बाई? तुम्ही नवीन होता तवा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही सोसलं, त्याची मला कीव हाय. पण जे आपण सोसलं ते पुढच्या पोरीला शिकवायचं, का आपल्यापाशीच थांबवायचं? सासूनं छळलं म्हणून सुनेला छळायचं, तसलंच झालं की हे!"

"मी काय छळून राहिले का त्यांना?" उज्वलाबाईंचा आवाज चढला. "पोटच्या पोरीसारख्या बघते!"

"मग पोटच्या पोरीला पाण्याला न्हाई म्हणाला असता का? किल्ली तुमच्याजवळ हाय. काम हंगामी असतंय बाई, पोरगी हंगामी नसती. तिला ह्याच अंगानं पुढं जन्म काढायचाय."

उज्वलाबाईंनी कमरेच्या किल्ल्यांवर नकळत हात ठेवला. त्या क्षणी त्या उठल्या असत्या तर! पण काउंटरवरून एका बाईंनी हाक मारली, "अहो, ती मोरपंखी दाखवता का जरा? कधीची थांबले मी." शेजारी आणखी दोघी ताटकळत होत्या.

"आत्या, एवढी दिवाळी होऊ द्या," उज्वलाबाई घाईने म्हणाल्या. "पाडव्याला मोकळी करते खोली. शब्द देते."

"गिऱ्हाईक थांबंल पाडव्यापर्यंत. खडा थांबत नसतोय."

सरजाबाई जिना उतरून गेल्या. उज्वलाबाई मोरपंखी साडी काढायला वळल्या. ती साडी त्या बाईंना पसंत पडली नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी दुकान खच्चून भरलं होतं. लुंबिनीला सकाळपासून ताप होता, पण तिने गोळी घेऊन तो दाबला होता आणि आत्याला कळू दिलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाला पैठणीचा पदर उलगडून दाखवता दाखवता तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. ती काउंटरचा कठडा धरायला गेली आणि साड्यांच्या ढिगावर तशीच कोसळली. समोरची बाई पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "अगं, पैठणी! पैठणी चुरगळली!" त्या बाईला नावं ठेवू नका. तुम्ही-आम्हीही कदाचित तेच म्हणालो असतो.

रिक्षात घालून तिला विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खडा मूत्रनळीत अडकून बसला होता आणि वर सगळा पू साचला होता. डॉक्टरांनी नळी घालून पू काढला, पोरगी वाचली. पण पाडव्याला सकाळी उज्वलाबाई तिथे पोचल्या तेव्हा सरजाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"उजवी किडनी गेली बाई," त्या म्हणाल्या. "काढावी लागणार हाय. एका किडनीवर माणूस जगतंय, नीट सांभाळलं तर लई वर्षं जगतंय. पण भरतीचं विचारलं मी डॉक्टरला. त्यानं नुसती मान हलवली."

त्या ओरडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर उज्वलाबाईंना सोसलं असतं. सरजाबाई औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघून गेल्या. केरबा गावाहून आला होता. कोपऱ्यात उकिडवा बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "पण ग्राउंड पुढं ढकलत न्हाईत का हो? अर्ज केला तर?" 

उज्वलाबाई तिथून तडक दुकानात आल्या. आल्या त्या थेट दुसऱ्या मजल्यावर चढल्या, जिन्यामागचं कुलूप काढलं आणि गठ्ठे ओढून बाहेर फेकायला लागल्या. भाऊबीजेचं गिऱ्हाईक यायला सुरुवात झाली होती. आवाज ऐकून शेषेराव धापा टाकत वर आले.

"अहो बाई, काय करून राहिलात? गिऱ्हाईक तोंडावर हाय!"

"खोली मोकळी करून राहिले."

"मग गठ्ठे कुठं ठेवायचे?"

"माझ्या डोक्यावर ठेवा!" उज्वलाबाई ओरडल्या. साऱ्या मजल्याने वळून पाहिलं. "त्या पोरीची किडनी गेली मालक. पाणी न पिता उभी राहून राहून गेली. ह्या गठ्ठ्यांपायी!"

शेषेरावांना बातमी नवी होती. पोरगी चक्कर येऊन पडली, एवढंच त्यांना ठाऊक होतं.  ते चाचरत म्हणाले, "लई वाईट झालं. पण बाई, मी ही खोली कधी मागितली का तुमच्याकडं? तुम्ही कायम झालात त्या वर्षी माल पावसात भिजत होता. तवा तुम्हीच आलात माझ्याकडं. म्हणालात, मालक, आम्हाला लागत न्हाई ती खोली, भरा गठ्ठे. मला वाटलं, खरंच लागत नसंल."

उज्वलाबाईंच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

खरंच होतं ते! त्यांनीच दिली होती खोली. नवी नवी कायमची नोकरी होती, मालकाच्या नजरेत भरायचं होतं, बाकीच्या बायका मागे उभ्या होत्या आणि कुणीच काही बोललं नव्हतं. शेषेराव तेव्हा केवढे खूश झाले होते! 'उज्वलाबाईसारखं माणूस मिळायचं न्हाई' असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. इतकी वर्षं बाईंना वाटत आलं, की खोली दुकानाने घेतली. पोरींना तसंच सांगत आल्या.

"मी दिली मालक," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. "पण ती माझी एकटीची नव्हती हो! सगळ्यांची होती. अन् तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं, की मग ह्या पोरी जातेत कुठं?"

शेषेरावांनी त्या खोलीकडे पाहिलं. त्यांना स्वतःच्या दोन लेकी होत्या. त्यांनी हमालाला हाक मारली. "गठ्ठे माझ्या केबिनमध्ये टाक. मी गल्ल्यावर बसतो. अन् मध्येच काम सोडलं तरी जेवढं केलं तेवढा पगार द्यायचा. सगळ्यांना." एवढं बोलून ते मान खाली घालून जिना उतरले.

खोली धुतली गेली. उज्वलाबाईंनी पाण्याचा माठ काउंटरजवळ आणून ठेवला आणि सगळ्या पोरींना हाका मारल्या. "या गं, पाणी प्या. खोली उघडी हाय आता. कुणाला विचारायचं न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई."

एकही पोरगी हलली नाही. एक म्हणाली, "नको ताई, गिऱ्हाईक हाय समोर." दुसरी म्हणाली, "आता तहानच लागत न्हाई ताई." त्यांना वाटलं, ही कसलीतरी परीक्षा आहे. पाणी पिणारीचं नाव पुढच्या वर्षी कटणार. उज्वलाबाईंनी त्यांच्यासमोर स्वतः घटाघटा दोन पेले रिचवले, काउंटर सोडून त्या खोलीत जाऊन आल्या. तरी पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. कुलूप काढायला किल्ली पुरली होती. पण पोरींच्या मनात जे बाईंनी इतक्या वर्षांत भरून ठेवलं होतं, ते काढायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवशी माठ संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला राहिला.

ऑपरेशन झालं. लुंबिनी बोलायला लागली तेव्हा उज्वलाबाई तिच्या खाटेशी जाऊन बसल्या. काय बोलायचं ते वाटेत घोकून आल्या होत्या.

पण आधी लुंबिनीच बोलली. "ताई, दिवाळी कशी झाली? गिऱ्हाईक आवरलं का?"

"आवरलं गं." बाईंनी तिचा हात हातात घेतला. "मी खोली मोकळी केली लुंबिनी. मालकांनी बी अडवलं न्हाई. आता कायम उघडी राहणार. मी पापीण हाय गं. मला आधीच..."

"बरं केलंत ताई. त्या पोरींना लई बरं झालं." ती खरंच खूश झाली होती. मग छताकडे बघत पडून राहिली. तिच्या ग्राउंडची तारीख दोन दिवसांवर होती. तिच्यासोबत पळणाऱ्या पोरी लातूरला निघाल्याही होत्या. जाताना त्या तिला भेटून गेल्या होत्या आणि तिचे पळायचे जुने बूट सोबत नेले होते. ती आपण होऊनच 'न्या' म्हणाली होती.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"भरतीचं तर आता काही राहिलं न्हाई. पुढच्या सीझनला मला घ्याल का तुमच्याकडं? पण मला आता पाणी लई प्यावं लागंल म्हणते आत्या. तेवढं चालंल का?"

उज्वलाबाईंनी त्या पोरीच्या हातावर डोकं टेकलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. सरजाबाई पलीकडे औषधाची बाटली धरून उभ्या होत्या. त्यांनीही तोंड फिरवलं.

उज्वलाबाई पुढच्या साऱ्या सीझनला मुलींना पाणी विचारतील, कदाचित पाजतीलही. शेषेरावही आता जागे झालेत. पण त्याने लुंबिनीचं काही परत येणार नाही, हे मान्य करूनच आपण ही गोष्ट वाचली पाहिजे. काही चुका सुधारता येतात, भरून काढता येत नाहीत.

आणि दोष त्या दोघांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. मोरपंखी साडीसाठी हाक मारणारी बाई आपल्यातलीच होती. सणाचे दिवस आले की आपल्या सेवेला उभी राहणारी ती हंगामी माणसं, कापडाच्या दुकानातली, मिठाईच्या दुकानातली, दारात पार्सल आणून देणारी, त्यांना आपण माणसांत धरतच नाही. आपण सोसलं म्हणून दुसऱ्याने सोसावं, ही आपल्या घराघरातली जुनी खोड आहे. ती मोडायची तर सुरुवात आपल्यालाच करावी लागेल. येत्या दिवाळीला साडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि किंमत विचारायच्या आधी समोरच्या मुलीला एवढंच विचारा, "बाई, पाणी प्यायलीस का?" आणि ती मालकाच्या गल्ल्याकडे बघून गप्प राहिली, तर ती साडी घेऊ नका.